चिंचोक्यांची बीसी

आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत बायकांची बोलीची बीसी चालते. दर महिन्याला सगळ्या सारखे पैसे टाकतात. जमलेल्या रकमेतून जी बाई सगळ्यांत जास्त पैसे सोडायला तयार होते तिला बाकीची रक्कम मिळते, अन् सोडलेले पैसे इतर जणी वाटून घेतात. फ्रीजसाठी बोली लावणारी ऐटीत लावते. दवाखान्यासाठी पैसे हवे असलेली मात्र गप्प बसते, कारण त्या घरात पैसे खुटले हे गल्लीला कळतं. मला याची चीड येते. आसपासच्या गावांत, रामाकोन्यात, मोहगावात मी पत्रकं वाटली होती: 'गरजेची लाज कसली?'

अन् घरात आई पित्ताशयातले खडे घेऊन बसली होती. ऑपरेशन लवकर करा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांच्या पेन्शनीत ते बसत नव्हतं. बीसीत बसत होतं.

म्हणून त्या महिन्याच्या बीसीआधी मी बायकांना ओसरीवर बसवून खेळ मांडला. पैशांऐवजी चिंचोके. प्रत्येकीला एक चिठ्ठी, तिच्यात एक गरज. डाव संपला की आपण असं का वागलो ते स्वतःलाच विचारायचं अन् मोठ्यानं सांगायचं.

'ऑपरेशन' लिहिलेली चिठ्ठी मी मुद्दाम आईच्या हातात दिली.

आईनं बोलीच लावली नाही. शेजारच्या काकूंनी 'कूलर'साठी बोली लावून चिंचोके नेले.

"आई, तू बोली काऊन नाही लावली?"

"राहू दे न."

"अगं, खेळ आहे हा!"

"खेळातही याच बाया बसल्या आहेत न."

काकू हसल्या, "तुझी माय चिंचोक्यातही काटकसर करून राहिली!" सगळ्या हसल्या. आईही.

मग खरी बीसी सुरू झाली. आईनं तोंड उघडलं नाही. कूलरवाल्या काकू पुन्हा बोली लावणार तोच मी ओरडले, "या बारीची रक्कम आईला द्या. तिचं ऑपरेशन आहे. खड्यांनी रात्र-रात्र तळमळते ती!"

मग काकूच म्हणाल्या, "मंग बोली कायची? घेऊन जा न बाप्पा पूर्ण." कोणी एक पैसा कापला नाही. माझ्या पत्रकात हेच तर लिहिलं होतं!

आईनं पैसे पदरात बांधले. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "तू मले चारचौघीत उघडं पाडलं."

"पण मिळाले न?"

"मी मागून मिळाले असते त माह्ये असते. हे त दया आहे."

ऑपरेशन झालं. आई बरी आहे. पण बीसीला आता ती जात नाही, हप्ता माझ्या हाती पाठवते. काकू विचारतात, "माय काऊन नाही येत?" मी सांगते, आराम करून राहिली.

बीसीआधी मी अजून तो खेळ मांडते अन् शेवटी 'आपण असं का वागलो?' हा प्रश्न सगळ्यांना विचारते. माझी पाळी आली की मी चिंचोके गोळा करायला लागते.