शेकाट्यांचा बांध

नाथा मुर्धा गावचा. सगळी नोकरी त्याने पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व फिरवण्यात काढली. नया नगरला पाणी सोडलं की पूनम सागरवाले शिव्या घालायचे, पूनम सागरला सोडलं की नया नगरवाले. रिटायर झाल्यावर आता कुणाच्या पाण्याची कटकट नको, म्हणून तो खाडीकाठच्या आपल्या खाजणात उतरला, तर तिथेही पाण्याचीच कटकट पुढ्यात वाढून ठेवलेली.

खाजण म्हणजे खाडीला लागून असलेली खारी भातजमीन. एकदा मोठा बांध फुटून उधाणाचं पाणी आत शिरलं, तेव्हापासून वरच्या तुकड्यात भात होतं, खालच्यात नुसती खार. त्या खालच्या तुकड्यात उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी राहिलं की लांब लाल टांगांचे शेकाटे उतरतात, हे नाथाने पाहिलं आणि त्याला नाद लागला. पाणी वाढलं तर पाखरू टिकत नाही, आटलं तर कुत्री चालत येतात. शेकाट्याला घरट्यासाठी बोडका, पाण्याशी टेकलेला बांध लागतो, म्हणून हिवाळ्यात त्याने आतले बांध तासून, गवत उपटून बुटके केले. गावात हसं झालं. बांध घालणारे पाहिले होते, उतरवणारा हा पहिलाच. शेजारच्या टॉवरांत राहणारे मच्छर होतात म्हणून ओरडत, भाचा जमिनीला लग्नाच्या लॉनचं गिऱ्हाईक घेऊन येई, पाखरांचे फोटो काढणारे गाड्या थेट भाताच्या तुकड्यात घालत. नाथा प्रत्येकाशी भांडे आणि घरी येऊन बायकोवर, इंदुबाईवर, चिडचिड करी. ती म्हणे, तुमची पेन्शन पाखरांनी लावून दिली काय?

पण वैशाखात शेकाट्यांनी खरंच बांधावर अंडी घातली. मातीच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत न दिसणारी. नाथा लांबूनच बघत राही, पहिलटकरणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखा.

खाजणात पाणी घेण्या-सोडण्याचं दार म्हणजे उघाडी, आणि ती काही नाथाच्या एकट्याची नव्हती. पुनवेला आणि अवसेला उधाण आलं की दार उचलून पाणी आत घ्यायचं, ओहोटीला तोंडाशी जाळं लावून मावरं धरायचं, ही चुलत घरांची आळीपाळी. यावरून पूर्वी डोकी फुटली होती, तेव्हा नाथानेच चार माणसांत नियम घातला होता: ज्याची पाळी त्याची उघाडी, मध्ये कुणी बोट घालायचं नाही. या पुनवेची पाळी त्याच्या चुलत भावाची, पंढरीनाथची. आणि दुसऱ्याच दिवशी पंढरीनाथच्या मुलीची, हेमांगीची हळद.

नाथा गेला तेव्हा पंढरीनाथ मांडवाचे बांबू उतरवून घेत होता. नाथाने आढेवेढे घेत विषय काढला. या खेपेला उघाडी बंद ठेव, मावरं मी बाजारातून आणून देतो, सुरमई म्हण, पापलेट म्हण.

"बाजारचा मावरा? घरची उघाडी असून?" पंढरीनाथ म्हणाला. "पाव्हनं बोलतील, मुर्ध्याच्यांनी खाडी इकली."

"आंडी हायत रं बांधावर."

"माझ्या दारान पोरगी हाय, दादा. नियम तूच घातलास ना? आता पाखरांना सांग, पाली बघून आंडी घाला."

बांबूवाले फिदीफिदी हसले. स्वतःच्याच शब्दाने गळा आवळला की ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

पुनवेला ऊन डोक्यावर आलं, तशी भरती चढली आणि पंढरीनाथच्या माणसांनी उघाडीच्या फळ्या वर काढल्या. नाथा घमेलं-फावडं घेऊन आधीच चिखलात होता. अंडी अलगद उचलायची, खाली चिखलाचा थर द्यायचा, थापायचा, पुन्हा होती तशीच ठेवायची, की पुढचं घरटं. शेकाटे डोक्यावर घिरट्या घालत त्याच्याच नावाने कोकलत होते. उघाडीवरून कुणीतरी विचारलं, नाथादादा, बालंतपन जालं का? इंदुबाई मांडवातून उठून तरातरा आली.

"हलदीच्या घरचा वडील मानूस, नि चिखलान रेडा होऊन बसलाय," ती म्हणाली. मग लुगडं खोचून, शिव्या देतच घमेली भरून देऊ लागली.

तरी पाणी त्यांच्यापुढे गेलं. पलीकडच्या टोकाचा बांध नाथाने हौसेने सगळ्यांत जास्त तासला होता, तोच आधी बुडाला. तिथली अंडी त्याच्या देखत तरंगत उघाडीच्या दिशेने गेली. पंढरीनाथला बोलावं तर त्याची पाळी, टॉवरवाल्यांना बोलावं तर ते इथे नाहीत, आणि बांध उतरवलेला आपल्याच हाताने. नाथाने फावडं पाण्यात भिरकावलं. मग तेच चाचपत शोधत बसला.

संध्याकाळी उंच केलेल्या काही घरट्यांवर शेकाटे येऊन बसले. काही ठिकाणी बसलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी हळदीला धवलारीण लग्नाची गाणी गात होती, उघाडीची कोळंबी पानापानांत पडत होती. हेमांगीने पिवळ्या हातांनी काकाच्या पाया पडून घेतलं. आशीर्वाद देतानाही नाथाच्या डोक्यात पुढची अवस होती. लागोपाठ दोन पाळ्या एका घराच्या, म्हणून तीही पंढरीनाथचीच, आणि उरलेल्या अंड्यांतून तोवर पिल्लं निघायची नव्हती. शेवटी त्याने पंढरीनाथला मांडवाच्या खांबाआड ओढलं आणि अवसेची पाळी मागितली.

"बदल्यान काय?"

"माझी कुठली घे."

पंढरीनाथने विचार करायला वेळ घेतला नाही. त्याने आषाढातली मागितली, गटारीच्या आधीची. पावसाचं पाणी खाडीला मिळालं की उघाडीवर मावऱ्याचा पाऊस पडतो, ती पाळी. घरातली माणसं वर्षभर वाट बघतात ती. तरी नाथाच्या तोंडातून "घे" निघून गेलं.

इंदुबाई पाठीमागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"गटारीला काय खाल? आंडी?" एवढंच म्हणून ती बायकांत जाऊन बसली.

नाथा मांडवातून निघाला आणि हळदीच्या धोतरानिशी खाजणाच्या उघाडीकडे गेला. अवसेला पंढरीनाथ शब्द पाळेल, पण दार जुनं, फळ्यांच्या फटींतून पाणी येणारच. त्याने वाकून चिखलाचा गोळा उचलला आणि पहिल्या फटीत कोंबला.