केबलवरचा रोजचा कार्यक्रम

आमच्या रत्नागिरीत घरोघरी केबल आली, तेव्हा गावच्या बातम्यांचा कार्यक्रम करणारा एक माणूस मला रोज मारुती मंदिराजवळच्या टपरीवर भेटायचा. चित्रण, जुळवाजुळव, निवेदन, सगळं तो एकटाच करायचा. चहा उभ्यानेच प्यायचा, खांद्यावरचा कॅमेरा न उतरवता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तो मुंडण केलेल्या डोक्याने आला. वडील गेले होते.

"चार दिवस घरी बसायचंत," मी म्हटलं.

"बसलो हो एक दिवस. फोन थांबेनात. कार्यक्रम का नाही लागला म्हणून."

"मग सांगायचंत ना, वडील गेले म्हणून."

"सांगितलं की. अरेरे म्हणाले, आणि विचारलं, उद्या लागेल ना?"

अर्धा चहा तसाच ठेवून तो क्रिकेटच्या सामन्यांचा बक्षीस समारंभ टिपायला निघाला.

संध्याकाळी आमच्या घरी कार्यक्रम लागला. पोरं हसत चषक उंचावत होती आणि मागून त्याचा आवाज सगळ्यांचं अभिनंदन करत होता. मध्येच तो आवाज अडखळला, थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

बघायला आलेले शेजारचे काका म्हणाले, "हल्ली हा मन लावून करत नाही."