औषध न पाहिलेल्या माश्या

रोह्याजवळच्या एका खाजगी तपासणी केंद्रात चंद्रावती नऊ वर्षं पांढऱ्या माश्या पाळत होती. तिच्या वरसे गावातल्या बायका हसायच्या, "गो चंद्रावती, लोकं माश्या मारतात, तू पोसतेस व्हय?" हसोत बापड्या. विदर्भातल्या कपाशीवरची माशी औषधाला किती निगरगट्ट झाली, हे मोजायचं तर तुलनेला औषध कधीच न पाहिलेली माशी लागते. त्या मोजणीवरून कुठलं औषध थांबवायचं आणि कुठलं आलटूनपालटून मारायचं ते ठरायचं. आणि तशी माशी केंद्रात फक्त चंद्रावतीच्या जाळीघरात होती. तिच्यापायी बाईनं घरात डासांची कॉइलसुद्धा कधी लावली नाही.

यंदा गौरीच्या सुट्टीत पाणी साचून जाळीघरातली कपाशीची सगळी रोपं कुजली. पान नसलं की माशी दोन दिवसांत मरते. केंद्र चालवणाऱ्या सुशील सरांचा फोन लागेना. चंद्रावतीचा जीव राहीना. तिनं घरची देवकापसाची कुंडी उचलली आणि जाळीघरात नेऊन ठेवली. वातींसाठी लावलेलं झाड ते, त्याच्यावर जन्मात कुणी औषध मारलं नव्हतं. याहून सोवळं झाड आणायचं तरी कुठून?

झाड सोवळं होतंच. पण पानांखाली डोळ्यांना न दिसणारी अंडी होती, आणि ती घालणारी माशी शेजारच्या हिरामणच्या वांग्यांवरून आलेली. हिरामण दर आठवड्याला फवारतो, तेही एकच एक औषध.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. ज्या मात्रेला एरवी एकही माशी वाचत नसे, तिला माश्यांचा तिसरा हिस्सा पुरून उरला. चंद्रावती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"सर, देवकापूस मी आणलेला. त्याला औषध लागलेला नाय, शप्पत."

सर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते खुर्चीत बसले. "ताई, आता यातल्या आपल्या कुठल्या नि बाहेरच्या कुठल्या, कसं ओळखणार? सगळं फवारून टाका."

नऊ वर्षांत तिनं पंपाला हात लावला नव्हता. तपासणीचंच औषध तिनं पंपात भरलं. मास्कच्या आत ती ढसाढसा रडली.

सकाळी तिनं पानं उलटून पाहिली, तर कितीतरी माश्या ठणठणीत. बाकीच्यांचा खाली सडा पडला होता. आता ओळखणं अगदी सोपं होतं. तिनं वाढवलेल्या तेवढ्या मेल्या होत्या.