आधी कपडे काढा

आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही आणि काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, मग ती त्याला सांगणार. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे निमूट पाळलं. पाळलं म्हणजे मला पटलं होतं असं कोणी समजू नये.

त्या दिवशी आमचे हे धानावर तुडतुड्या किडीचं औषध मारून परतले ते भिंत धरत. पाठीवरचा पंप गळका. शर्ट-पॅंट औषधानं चिंब, तोंडातून लाळ, घामाच्या धारा, अंग थडथड उडत होतं. माझं माहेर आमगावकडचं. तिथं बाप फवारून आला की अंगणातच कपडे उतरवायचा, साबणानं घसाघसा धुवायचा, मगच घरात पाय. म्हणून मी धावत बादली भरली.

भासऱ्यांनी ती बाजूला सारली. थंडी भरलेल्या माणसाला पाणी लावायचं नाही, हे त्यांचं ठाम. यांना खाटेवर निजवलं, अंगाची आग होते म्हणून जवसाचं तेल मागवलं आणि ओल्या शर्टाखाली हात घालून पाठीला चोळलं. वरून चादर. अरे, तेलानं विष अजूनच आत मुरतं! मी सासूला सांगितलं. सासूनं तोंड उघडलं नाही, थोरल्यापुढे तिचं कधी उघडतच नाही. शेवटी मीच बोलले.

"भाऊजी, आधी कपडे काढा. जहर कपड्यातच हाय."

अंगणात जमलेली शेजारची माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. भासरे माझ्याकडे न बघता सासूला म्हणाले, "माय, हिले अंदर ने. कायले लोकायपुढं तमाशा करून राहिली?"

बायांनी मला दंडाला धरून आत नेलं.

रात्री गोंदियाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सनं हिंदीत विचारलं, कपडे अजून अंगावर कसे? तिनं कात्रीनं कपडे कापले, साबणपाण्यानं अंग धुतलं, डोळे धुतले. डॉक्टरांनी सुया दिल्या. फार उशीर झाला होता. सकाळी हे गेले.

तेरवीला बाया कुजबुजत होत्या ते माझ्याबद्दल. नवरा खाटेवर पडलेला अन् ही भासऱ्याच्या तोंडी लागते म्हणे. आग लागो त्या रीतीला.

आता धानावर भासरेच फवारतात. यंदा पहिल्यांदा फवारून आले ते सरळ न्हाणीत शिरले आणि कपडे दाराबाहेर फेकले. सासू घरी नव्हती. आतून हाक आली. माझ्याशी ते पहिल्यांदाच थेट बोलत होते.

"पानी आन वो. अन् साबन."

मी दोन्ही दाराशी नेऊन ठेवलं. माझ्या माणसाला एवढंच हवं होतं.