थेंब्याने सोडलेली पाळी

उसात ठिबकच्या नळ्या टाकल्या त्या दिवसापासून लोकांनी त्याचं नाव थेंब्या ठेवलं. सरी तुडुंब भरल्याशिवाय ऊस पोसत नाही, असं मानणाऱ्यांना हा पोरखेळ वाटला. "थेंब्या, उसाला चमच्याने पाजतोस का रे?" असं विचारून हसायचे. त्याने मनावर घेतलं नाही. उसाचं वाळकं पाचट न जाळता सऱ्यांत पसरलं. विहिरीच्या पाण्यावर भागतंय म्हटल्यावर पाटाच्या पाण्याची आपली पाळीही अर्ज करून सोडून दिली.

चुकलं ते इथे. शेजारचं शेत थोरल्या भावाचं. वाटणीत दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. पण पाटावर रीत होती, पाळी संपली की पुढच्याला बांधावर येऊन तोंडाने सांगायचं. दर आठवड्याला धाकटा म्हणायचा, "पाणी सोडलं." थोरला म्हणायचा, "बरं." बारा वर्षं एवढंच. बायको गेल्यावर थेंब्याच्या वाट्याला तेवढंच बोलणं उरलं होतं. अर्ज करताना हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माणूस हुशार, पण अर्धाच. नळ्यांची चावी विहिरीपाशी, त्यामुळे बांधाकडे फिरकणंही थांबलं.

ऊस तुटला. निम्म्या पाण्यात वजन तेवढंच भरलं. वजनाची चिठ्ठी टेबलावर ठेवून तो रिकाम्या खोलीकडे बघत बसला. सांगायचं कुणाला? इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

सकाळी तो पाणी कार्यालयात गेला. "माझी पाळी परत द्या."

"पाणी कमी पडतंय?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

"मग कशाला?"

"तुम्ही वही तर बघा."

कारकुनाने वही चाळली. "तुमच्या पाळीचे तास तुमच्या थोरल्या भावाला दिलेत. वर्ष झालं, एकदाही घेतले नाहीत. त्यांचा ऊस पिवळा पडला, तरी नाही."

"का?"

"म्हणतात, पाणी धाकट्याचं. त्याने येऊन सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. दर पाळीला बांधावर येऊन बसतात. आजही बसले असतील."

थेंब्या तडक शेतावर गेला. थोरला बांधावर बसला होता, वर्षभरात पार वाळलेला.

"दादा, पाणी सोडलं. घरी चल. चहा टाकतो."

थोरला गुडघ्यावर हात टेकून उठला. "चलतो. आधी ऊस भिजवू दे."