आधी छाती बघा!

कर्जतच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मी इतकी वर्षं सिस्टर होते की किस्से रिकाम्या सलाइनच्या बाटल्यांसारखे साठलेत. एकट्या धर्माचेच घ्या ना!

धर्मा कोंडाण्याचा. बांधावर नाग चावला. विषानं श्वास बंद पडला, म्हणून घशात नळी आणि नळीला व्हेंटिलेटर. देणगीत आलेलं एकुलतं एक मशीन! माझा नियम सोपा होता : मशीन ओरडलं की आधी पेशंटची छाती बघा. हलत नसेल, तर मशीन काढा आणि नळीला श्वास द्यायचा रबरी फुगा लावून हातानं दाबा.

पण ऐकतंय कोण?

पहिल्याच दिवशी मशीन कोकलायला लागलं. नवे डॉक्टर मशीनला थापा मारतायत, माहितीपुस्तक चाळतायत आणि इकडे धर्मा निळा पडतोय! "सर, सरका!" म्हटलं, मशीन काढलं, फुगा लावला. फुगाही दबेना! नळीत कफ ओढायचं सक्शन घातलं, तर चिकट कफाची ही एवढी गाठ निघाली. रंग परतला. मशीन पुन्हा जोडलं. डॉक्टर म्हणाले, "बघा, मशीन आता कसं शांत झालं!"

कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी त्याच्या मेव्हण्यानं मशीनची पिन काढून तिथं टेबलफॅन लावला. का, तर "दाजींना गरम होत असंल." नशीब, मी समोरच होते. म्हटलं, "अरे, कायमचे गार झाले असते तुझे दाजी!"

मग वीज गेली. फुगा दाबायला मेव्हण्यालाच बसवलं. काय अवदसा आठवली मला! गावचे सरपंच भेटायला आले आणि या शहाण्यानं फुगा गादीवर ठेवून दोन्ही हात जोडले! मी धावले. वर मलाच विचारतो, "मंग काय सिस्टर, रामराम पन नाय करायचा?"

त्याला हाकललं आणि धर्माच्या बायकोला, हौसाला, बसवलं. बजावलं, "छाती वर आली पाहिजे. मी सांगेपर्यंत हात थांबवायचा नाही, कोणीही येऊ दे."

तासाभरात तपासणीला अलिबागहून मोठे साहेब आले. सगळा वॉर्ड ताडकन उभा. हौसा बसलेलीच! आमचे मोठे डॉक्टर तिच्यावर खेकसले, "अहो बाई, उठा! साहेब आलेत!"

धर्माच्या छातीवरची नजर न काढता हौसा म्हणाली, "साएबांना सोताचा स्वास हाय ना? मंग थांबतील. याला नाय!"