चरामधली वाट
फाल्गुनात तुंगार्लीच्या डोंगरावर कुणी गवत पेटवलं की तो करपट वास खिडकीतून आत येतो आणि मला एका जागी बसवत नाही. कॉलेजात असताना अशाच एका दुपारी मी कॉम्प्युटरवरच्या खेळात जांभळ्या गवताशी झुंजत होते; ते आपोआप पसरायचं, लागेल ती जमीन नासवायचं, आणि आता ताईनं लग्नाआधी त्या खेळात बांधलेल्या घराकडे सरकत होतं. कितीही कापलं तरी पुन्हा पुढे यायचं. मागे शेंगा सोलत बसलेली इंदुरीची आत्या बराच वेळ बघून म्हणाली, "वणवाच हाय की ह्यो. तो अडवाया गवत जाळून पट्टा काढत्यात, तसा चर खण, पार खालपतूर." दोन दिवस मी त्या घराभोवती खणत राहिले, चहा निवून जायचा, बोटं दुखायची. तिसऱ्या दिवशी बघते तर गवत दाराशी. आत्यानं चष्मा पुसून पडद्याजवळ तोंड नेलं. "ही मदी वाट कशापायी ठेवलीस? वणव्याला तेवढी पुरती." आमच्याकडे चर खणला तरी येण्याजाण्याची वाट अडवत नाहीत, त्या सवयीनं तेवढी जागा सुटली होती. "ताई येईल ना," मी म्हटलं. आत्या पुन्हा शेंगा सोलू लागली. मग मी आत आलेलं गवत कापलं आणि ती वाटही खणून टाकली. ताई अजून फोनवर विचारते, आपलं घर आहे ना गं. आहे, म्हणते मी. आत जायला वाट ठेवलेली नाही, तेवढं सांगत नाही.